आकाशातली नूरा कुस्ती नको

नोव्हेंबर २०२२ मध्ये नागपूरच्या वायुसेनानगरला एअर फेस्ट झाला, तेव्हा भाच्याला घेऊन गेलो होतो. तो तेव्हा नऊ वर्षांचा. वायुसेनेच्या आकाशगंगा पथकाच्या जवानांनी उड्या मारून छत्र्या उघडल्या, मग सूर्यकिरण या कसरती पथकाची नऊ हॉक विमानं एका रेषेत आली आणि डोक्यावरून गेली. पोराचं तोंड उघडं ते उघडंच. परत येताना फुटाळा तलावाच्या बाजूला गर्दीत गाडी अडकली, तेव्हा मागच्या सीटवरून त्याने विचारलं, "मामा, यात दुश्मन कोण होता?"

कोणीच नव्हता रे, मी म्हटलं. ही कसरत होती.

"मग लढाईची प्रॅक्टिस कुठे करतात?"

त्या दिवशी मी काहीतरी उत्तर देऊन वेळ निभावली. पण प्रश्न डोक्यातून गेला नाही. आपण नागपूरकर विमानांच्या गावातली माणसं. सोनेगावचा विमानतळ आहे, वायुसेनेच्या मेंटेनन्स कमांडचं मुख्यालय इथेच आहे. १९४९ साली रात्रीची हवाई टपाल सेवा सुरू झाली, तेव्हा मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास अशा चारही दिशांची विमानं मध्यरात्री इथेच उतरून टपालाच्या थैल्यांची अदलाबदल करत होती. तरीसुद्धा लढाऊ वैमानिक लढायला कसा शिकतो, यावर आपल्यात चर्चा होत नाही. चर्चा होते ती कसरतींची, आणि परदेशी वायुसेनेबरोबरच्या सरावात आपण किती-शून्यने जिंकलो याची. हे दुसरं मला जास्त खटकतं. खरा युद्धसराव हा हरण्यासाठी करायचा असतो, आणि हरण्याची ती मुभा आपण, म्हणजे जनता, माध्यमं आणि सरकार, आपल्या वायुसेनेला मनापासून दिली पाहिजे, असं माझं मत आहे.

तालमीत वाढलेल्या कोणालाही हे वेगळं सांगावं लागणार नाही. वस्ताद आपल्या पठ्ठ्याला रोज त्याच्याहून जड आणि कसलेल्या पैलवानाबरोबर जोराला लावतो. पोरगं पंधरा वेळा मातीत जातं. त्याची लाज कोणाला नसते, उलट कुठल्या डावावर पडलं, पाय कुठे राहिला होता, हे वस्ताद तिथल्या तिथे दाखवतो. फडात पाठ लागू नये म्हणून तालमीत ती शंभरदा लागलेली बरी. याच्या उलट नूरा कुस्ती. निकाल आधी ठरलेला, दोघंही झटापटीचा आव आणतात, लोक टाळ्या वाजवतात, आणि शिकत कोणीच नाही.

अमेरिकेने हा धडा फार महागात घेतला. व्हिएतनामच्या युद्धात त्यांचं फँटम हे तेव्हाचं अव्वल विमान उतरलं. आता क्षेपणास्त्रं आली, विमानांची जवळची झुंज संपली, या खात्रीपोटी सुरुवातीच्या फँटमला तोफसुद्धा ठेवली नव्हती. समोर आली लहानशी, चपळ मिग विमानं. एक विमान गमावून दोन-अडीच मिग पाडायचे, अशी नौदलाची गत झाली. कॅप्टन फ्रँक ऑल्ट या अधिकाऱ्याने १९६८ मध्ये याची चौकशी करून अहवाल दिला. क्षेपणास्त्रं नीट चालत नव्हती हे खरं, पण वैमानिकांना झुंजीचं शिक्षणच मिळालेलं नव्हतं, हेही त्यात स्पष्ट झालं. मार्च १९६९ मध्ये मिरामार इथे नौदलाचं लढाऊ वैमानिकांचं खास विद्यालय सुरू झालं. १९७२ मध्ये हवाई लढाया पुन्हा पेटल्या, तेव्हा नौदलाचं प्रमाण एकास बाराच्या आसपास गेलं. विमान साधारण तेच, शत्रूही तोच. अमेरिकी वायुसेनेने मात्र शिक्षण तेव्हा बदललं नव्हतं, तिचं प्रमाण एकास दोनच्याच आगेमागे राहिलं.

मग वायुसेनेनेही आपल्या लढायांचा एकेक करून अभ्यास केला. त्यातून निघालेली एक गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. वैमानिकाला खरा धोका असतो तो पहिल्या दहा मोहिमांत. दहा मोहिमा पार पडल्या की तो जिवंत परत येण्याची शक्यता एकदम वाढते. मग या पहिल्या दहा मोहिमा शांततेच्या काळातच, गोळी न लागता पार पाडून घेतल्या तर? नोव्हेंबर १९७५ मध्ये नेवाडाच्या वाळवंटात नेलिस तळावर 'रेड फ्लॅग' हा सराव सुरू झाला, तो एवढ्या एका विचारावर. तिथे शत्रूचं काम करणारं वेगळं पथक असतं. ते शत्रूच्याच पद्धतीने विचार करतं, आणि खरोखर जिंकायला उतरतं; सुरुवातीला त्यासाठी मिग-२१ शी मिळतीजुळती छोटी विमानं असत. नवशिका पहिल्या दिवशी हमखास 'मरतो'. संध्याकाळी तो जेवणाच्या टेबलावर जिवंत असतो.

आपल्याकडेही सुरुवात रक्त सांडूनच झाली. १ सप्टेंबर १९६५ च्या संध्याकाळी छांबच्या रणगाड्यांवर आपण व्हॅम्पायर विमानं पाठवली. विमानं जुनी, पाकिस्तानच्या सेबर विमानांपुढे टिकणारी नव्हेत. त्या पहिल्याच संध्याकाळी चार गमावली. वायुसेनेने त्या युद्धातून पुष्कळ शोधलं, आणि १ फेब्रुवारी १९७१ रोजी आदमपूरला डावपेच घडवणारं आणि शिकवणारं एक वेगळं पथक उभं केलं. त्याच वर्षी डिसेंबरच्या युद्धात या पथकाच्या वैमानिकांनी एकेकट्या विमानाने, रात्रीच्या अंधारात, जमिनीलगत उडत शत्रूच्या तळांवर हल्ले केले. पुढे हीच संस्था 'टॅकडी' (हवाई लढाईचे डावपेच विकसित करणारी संस्था) म्हणून नावारूपाला आली आणि आज ती ग्वाल्हेरला आहे. वायुसेनेतले निवडक वैमानिक तिथे शिकायला जातात आणि परतल्यावर आपापल्या स्क्वाड्रनला, म्हणजे विमानांच्या तुकडीला, शिकवतात.

म्हणजे परंपरा आपल्याकडे आहे. अडचण आहे ती आपल्या नजरेत.

२००४ च्या फेब्रुवारीत याच ग्वाल्हेरला अमेरिकेची एफ-१५ विमानं आली आणि आपल्या सुखोई, मिराज, मिग-२९ आणि सुधारित मिग-२१ बायसन यांच्याशी त्यांचा सराव झाला. आपल्या वैमानिकांनी अमेरिकनांना चकित केलं, यात शंका नाही, त्यांनी स्वतः ते मान्य केलं. पण आपल्याकडे बातमी राहिली ती फक्त 'अमेरिकेला हरवलं' एवढीच. अमेरिकन विमानं संख्येने कमी होती आणि त्यांचं लांबून मारा करणारं क्षेपणास्त्र नियमांनुसार जमेस धरलं नव्हतं, हे त्या बातमीबरोबर सांगणारे थोडे. २०१५ मध्ये ब्रिटनमधल्या 'इंद्रधनुष' सरावानंतर १२-० असा आकडा फिरला. ब्रिटिशांनी तो नाकारला. पुढे आठवडाभर दोन्ही देशांतले लोक एकमेकांना आकडे फेकून मारत होते. त्या सरावात आपले वैमानिक कुठल्या परिस्थितीत अडचणीत आले, हा खरा मौल्यवान मजकूर, आणि तो कोणाला नको होता.

परदेशी मित्रांबरोबरच्या सरावाला एक मर्यादा असते, तीही लक्षात ठेवली पाहिजे. तिथे प्रत्येक जण पत्ते छातीशी धरून बसतो. २००८ मध्ये आपली सुखोई विमानं रेड फ्लॅगला गेली, तेव्हा त्यांची रडार शिकाऊ पद्धतीवरच ठेवली होती, म्हणजे त्यांची खरी ताकद कोणाच्या नोंदीत जाऊ नये. ते योग्यच होतं. २०२४ मध्ये आपण 'तरंग शक्ती' हा आपल्या भूमीवरचा पहिला मोठा बहुराष्ट्रीय हवाई सराव घेतला, आधी सुलूरला, मग जोधपूरला. असे सराव हवेतच. दुसरे कसे उडतात, कसं बोलतात, किती शिस्तीने मोहीम आखतात, हे कळतं. पण आपली सगळी ताकद आणि सगळी कमजोरी उघडी पडेल असा सराव फक्त घरच्या घरीच होऊ शकतो. तो जितका निर्दय, तितका उपयोगाचा.

सिंदूर मोहिमेनंतर मला हे जास्तच पटलं. ७ मे २०२५ च्या रात्री दोन्ही बाजूंची विमानं आपापल्या हद्दीत राहून कित्येक किलोमीटर लांबून एकमेकांवर क्षेपणास्त्रं सोडत होती. त्या महिन्याच्या शेवटी सिंगापूरला संरक्षण दल प्रमुखांनी मान्य केलं की सुरुवातीला आपलं नुकसान झालं. विमानं पडली यापेक्षा ती का पडली हे महत्त्वाचं आहे, असं ते म्हणाले. डावपेचातली चूक आपण ओळखली, सुधारली आणि दोन दिवसांनी पुन्हा सगळी विमानं उडवून लांब पल्ल्याचे हल्ले केले, असंही त्यांनी सांगितलं. त्या वक्तव्यावरून आपल्याकडे गदारोळ झाला. माझ्या मनात त्यांच्याविषयी आदर वाढला. लढाई चालू असताना दोन दिवसांत चूक शोधून दुरुस्त करणारी सेना ही चूक कबूल करायची सवय असलेलीच सेना असते. ही सवय सरावानंतरच्या खोलीत लागते. पण पुढच्या वेळी शत्रू आपल्याला दोन दिवस देईलच असं नाही. म्हणून ती चूक पोखरणच्या नाहीतर ग्वाल्हेरच्या आकाशात आधीच व्हायला हवी.

सरावानंतरची ती खोली, म्हणजे डीब्रीफ, हाच सरावाचा गाभा. पंखाखाली क्षेपणास्त्रासारखाच दिसणारा एक पॉड लावलेला असतो. तो विमानाची जागा, उंची, वेग आणि कोणी कधी 'फायर' केलं, हे सगळं नोंदवतो. खाली आल्यावर पडद्यावर संपूर्ण झुंज पुन्हा चालवतात. उड्डाण तासाभराचं आणि चिरफाड तीन-चार तासांची, असं सहज होतं. "मी त्याला पाडलं होतं" हे तिथे चालत नाही, पडदा दाखवेल तेच खरं. अशा खोलीत फ्लाइट लेफ्टनंटने विंग कमांडरला "सर, इथे तुम्ही उशिरा वळलात" असं सांगता आलं पाहिजे. आपल्या समाजात, जिथे ऑफिसात साहेबाची चूक दाखवायला माणूस दहा वेळा विचार करतो, तिथे ही संस्कृती टिकवणं सोपं नाही. आणि नेमक्या याच संस्कृतीला आपली 'आपण जिंकलोच पाहिजे' ही बाहेरची आरडाओरड मारक ठरते. सरावाचा निकाल अभिमानाचा विषय झाला की चूक लपवावीशी वाटणं फार लांब नसतं.

आणि सराव फक्त वैमानिकांचा नसतो. २७ फेब्रुवारी २०१९ ची सकाळ आठवा. बडगामजवळ आपलंच एमआय-१७ हेलिकॉप्टर आपल्याच क्षेपणास्त्राने पाडलं. वायुसेनेचे सहा जण आणि खालचा एक नागरिक गेला. त्या सहांत आपल्या नाशिकचा एक तरुण स्क्वाड्रन लीडर होता. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये वायुसेनाप्रमुखांनी ही आपली मोठी चूक असल्याचं जाहीरपणे मान्य केलं. त्या सकाळी सीमेवर खरी झुंज चालू होती, सगळ्यांचे कान आणि नसा ताणलेल्या होत्या. असा गोंधळ, जिथे मित्र आणि शत्रू एकाच पडद्यावर ठिपके होऊन सरकत असतात आणि निर्णयाला काही सेकंद मिळतात, तो सरावात मुद्दाम उभा करावा लागतो. रडारवर बसलेल्याला, क्षेपणास्त्राच्या बटणावर बोट असलेल्याला, रेडिओवर बोलणाऱ्याला. ठरलेल्या वेळी ठरलेल्या दिशेने ठरलेलं विमान येणार असेल, तर तो सराव नव्हे.

आमच्या गल्लीत वायुसेनेतून निवृत्त झालेले एक काका आहेत. आयुष्य विमानांच्या पोटाखाली गेलं, इंजिन फिटर म्हणून. संध्याकाळी पारावर बसलो की कधीतरी बोलतात. एकदा त्यांनी एका रात्रीच्या सरावाची गोष्ट सांगितली. तळाचं नाव मी लिहीत नाही.

"रातीचे दोन वाजले असतील," ते म्हणाले. "विमान उतरलं, इंधन भरून, तपासून परत सोडायचं. तोंडावर मास्क, हातात जाड रबरी मोजे. तेवढ्यात सरावाचा अंपायर आला, दंडावर पांढरी पट्टी. हातात चिठ्ठी दिली अन् निघून गेला. चिठ्ठीत काय, तर तुमचा इंधनाचा बाउझर बॉम्बमध्ये गेला. आता करा काय करायचं ते."

काय केलं मग?

"काय करणार? दुसरा बाउझर मागवला तर तिकडचा पोरगा म्हणे, लेखी द्या. इकडे मी कव्हरला लॉकिंग वायर बांधतोय तर त्या मोज्यात बोटं वळेनात. वायर तुटली. तुकडा खाली पडला, अंधारात सापडेना. तुकडा सापडल्याशिवाय विमान सोडता येत नाही बावा, इंजिनात गेला तर इंजिन खलास. चाळीस मिनिटं गेली. अंपायरनं लिहून टाकलं, विमान वेळेत उडालं नाही, मोहीम फसली. सीओ साहेबांसमोर आमची पार हवा टाइट झाली."

शिक्षा झाली का, मी विचारलं.

"शिक्षा नाही झाली. पुढचे तीन दिवस तेच करवून घेतलं, मोजे घालून, अंधारात. अन् बाउझरचा कागदी नियम बदलला. लेखी नंतर, गाडी आधी." हे सांगताना त्यांनी दोन्ही हातांची बोटं वर करून वायर पिळायची खूण केली. पंचवीसेक वर्षांनंतरही ती बोटं त्या क्रमाने फिरत होती.

एक लालफितीचा कागद आणि एक तुटलेली वायर, एवढ्यावर विमान जमिनीवर राहतं. खऱ्या युद्धात हे कळलं असतं तर काय झालं असतं, ते वेगळं सांगायला नको. २०१८ च्या 'गगनशक्ती' सरावात वायुसेनेने दोन आठवड्यांच्या आत अकरा हजारांवर उड्डाणं केली. तो आकडा वैमानिकांचा जितका, तितकाच या फिटर लोकांचा. आणि त्यांच्यामागे सुटे भाग पुरवणाऱ्या, इंजिनं दुरुस्त करणाऱ्या साखळीचाही, जिचा कारभार आपल्या वायुसेनानगरातून चालतो.

यावर दोन आक्षेप मी नेहमी ऐकतो, आणि दोन्ही खोटे नाहीत.

पहिला जिवाचा. २८ जानेवारी २०२३ ला ग्वाल्हेरहून सरावाला उडालेली सुखोई आणि मिराज मुरैन्याजवळ कोसळली. सुखोईचे दोघे बाहेर पडले, मिराजचा वैमानिक, एक विंग कमांडर, गेला. शांततेच्या दिवसांत, शत्रूविना, एक घर उजाड झालं. त्या घरासमोर उभं राहून 'खरा सराव हवा' म्हणायला माझीही जीभ अडखळेल. पण खरेपणा म्हणजे बेफिकिरी नव्हे. जगभर अशा सरावांचे नियम कडक असतात. दोन विमानांमध्ये किमान अंतराचं अदृश्य कवच मानलेलं असतं. ठरावीक उंचीला जमीन मानतात, तिच्याखाली गेलात की तुम्ही मेलात. कोणीही, सगळ्यात कनिष्ठ वैमानिकसुद्धा, रेडिओवर एक शब्द उच्चारून झुंज थांबवू शकतो. धोका कमी करायचा तो नियमांनी, सिम्युलेटरने, चांगल्या यंत्रांनी. सराव सोपा करून धोका फक्त पुढे ढकलला जातो, आणि तो मोठा होऊन परत येतो.

शिक्षणातल्या दिरंगाईचा हिशोब आपल्यासमोर आहेच. नव्या वैमानिकांसाठी प्रगत जेट प्रशिक्षण विमान घ्या, अशी शिफारस ला फोंटेन समितीने १९८२ मध्ये केली. करार झाला २००४ मध्ये, हॉक विमानं वायुसेनेत दाखल झाली २००८ मध्ये. मधली पंचवीसेक वर्षं आपली विशी-बाविशीतली पोरं संथ प्रशिक्षण विमानावरून उठून ताशी तीनशे किलोमीटरहून जास्त वेगाने उतरणाऱ्या मिग-२१ वर बसत होती. त्यातली किती पोरं त्या विमानाने नेली, हे महाराष्ट्रातल्या गावोगावच्या घरांना माहीत आहे. भाच्याने वायुसेनानगरला पाहिलेली ती नऊ विमानं म्हणजे हेच हॉक. आणि २०११ मध्ये प्रशिक्षण विमानं कमी पडली, म्हणून सूर्यकिरणच्या कसरती थांबवून त्यांची विमानं शिक्षणाकडे वळवावी लागली होती. कसरतीपेक्षा शिक्षण आधी, हा निर्णय तेव्हा बरोबर होता. तो घेण्याची पाळी यायला नको होती.

दुसरा आक्षेप पैशाचा आणि विमानांच्या तुटवड्याचा. २६ सप्टेंबर २०२५ ला चंदीगडला मिग-२१ ला निरोप दिला आणि स्क्वाड्रन उरल्या २९. मंजूर आहेत ४२. लढायलाच विमानं पुरत नाहीत, तर शत्रूची भूमिका करायला कुठून देणार? माझं उत्तर असं की विमानं कमी असतात तेव्हाच प्रत्येक वैमानिक जास्त तयार लागतो. शत्रूचं सोंग घेणारं कायमचं, स्वतंत्र पथक आपल्याकडे असावं. त्यात शेजारी देशांची विमानं, क्षेपणास्त्रं आणि सवयी वर्षानुवर्षं अभ्यासणारी माणसं असावीत आणि त्यांची बढती आपल्या वैमानिकांना किती वेळा हरवलं यावर ठरावी. यासाठी दोन स्क्वाड्रन बाजूला काढाव्या लागल्या तरी मी त्या काढेन.

आणि यात नागपूरने फक्त प्रेक्षक राहू नये. नागपुरात बनलेलं 'नागास्त्र' हे लक्ष्यावर जाऊन फुटणारं ड्रोन सैन्याला मिळू लागलं आहे. अशाच स्वस्त ड्रोनचे थवे, स्फोटकांविना, आपल्याच हवाई तळांवर रात्री-अपरात्री सोडावेत, न सांगता. तळ जागा होतो का, कोणी कोणाला कळवतं, किती ड्रोन विमानांपर्यंत पोचतात, ते मोजावं. अंबाझरीचा आयुधनिर्माणी कारखाना, पुलगावचा दारूगोळा भांडार, मिहान, हे सगळं आपल्या आसपास आहे. १९७१ मध्ये सीमा आपल्यापासून लांब होती. लांब पल्ल्याच्या क्षेपणास्त्रांना आणि ड्रोनना ते अंतर आता तेवढं वाटत नाही. नागरी संरक्षणाचं शिक्षण देणारी राष्ट्रीय संस्था १९५७ मध्ये याच शहरात सुरू झाली. मग शहराचं रुग्णालय, अग्निशमन दल, वीज मंडळ यांनाही त्या रात्रीच्या सरावात ओढावं आणि त्यांच्या हातातही अंपायरची चिठ्ठी द्यावी: तुमचं उपकेंद्र गेलं, आता करा.

खासदारांकडे मागायच्या गोष्टीही साध्या आहेत. एका वैमानिकाला वर्षाला किती तास उडायला मिळतात, त्यातले किती खऱ्या झुंजीच्या सरावाचे, सरावासाठी राखीव आकाश किती, आधीच्या सरावात सापडलेल्या उणिवांपैकी किती दूर झाल्या, हे संसदेच्या स्थायी समितीने बंद दाराआड दरवर्षी विचारावं. गुप्त ते गुप्त राहू द्यावं. पण विचारावं. सरावामुळे आकाश बंद झालं आणि आपलं दिल्लीचं विमान तासभर उशिरा निघालं, तर त्या तासाची कुरकुर आपणही करू नये.

भाचा आता बारावीत जाईल थोड्या वर्षांत, एनडीएचं नाव घेतो. गेल्या महिन्यात त्याला पारावर काकांकडे घेऊन गेलो आणि तोच जुना प्रश्न विचारायला लावला. काकांनी खिशातून तारेचा तुकडा काढला, दोन टोकं त्याच्या हातात दिली आणि म्हणाले, "आधी डोळे मीट. आता पीळ, अन् तुटू देऊ नको." पहिल्या वेळी तुटली. काकांनी दुसरा तुकडा काढला.